गुण कुणाला आला?

या मित्रांनो, जरा जवळ सरका. मागे उभे आहात तेही पुढे या, इथे कुणी रागावणार नाही. माझा आवाज बारीक आहे आणि गोष्ट थोडी जड आहे. बुवा कीर्तनाला उभे राहिले की आधी मंडळींना सावरून बसायला सांगतात, तसंच समजा. मी तुम्हाला एका बाईची गोष्ट सांगणार आहे. माझीही सांगेन, पण मी निमित्तापुरता.

मी एक जुना स्पेक्ट्रोफोटोमीटर आहे. नाव उच्चारताना जीभ अडखळली तर लाजू नका, मोठमोठ्यांची अडखळते. कात्रजच्या तुमच्या या शाळेत, विज्ञानाच्या खोलीतल्या कपाटावर मी बसलो आहे. मधल्या सुट्टीत तुम्ही माझी बटणं दाबता आणि काहीच होत नाही म्हणून निघून जाता. माझ्या पोटातला दिवा केव्हाच गेला. पण एके काळी त्या दिव्यापुढे भलेभले श्वास रोखून उभे राहत.

माझा जन्म अंबाल्याचा. तिथल्या एका कारखान्यात सरदारजी कारागिरांनी मला जोडलं. माझ्या पोटात एक दिवा बसवला. त्याच्यापुढे अगदी बारीक रेघांची एक काच ठेवली. दिव्याचा पांढरा उजेड त्या काचेवर पडला की त्याचे इंद्रधनुष्यासारखे रंग सुटे होत. त्यातला हवा तो एक रंग निवडायचा आणि चौकोनी काचेच्या इवल्याशा कुपीतल्या पाण्यातून पलीकडे पाठवायचा. किती उजेड पार गेला आणि किती आत अडला, हे मी लाल आकड्यांत सांगत असे. माझं काम एवढंच. उजेड अडला किती? मित्रांनो, हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढे सगळं याच्यावरच फिरणार आहे.

पेटीत पेंढा भरून, ट्रकवर घालून मला पुण्याला आणलं. नगर रस्त्यावर वाघोलीच्या बाजूला नवं कॉलेज निघालं होतं. तेव्हा कॉलेजच्या खिडकीतून ज्वारी दिसे. मग ज्वारीच्या जागी खांब आले, खांबांवर स्लॅब पडले, आणि बघता बघता काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. संध्याकाळ झाली की कंपन्यांच्या पांढऱ्या गाड्या तरुण पोरापोरींना भरभरून नेत. जो तो घाईत होता. आमच्या प्रयोगशाळेत मात्र घाई चालत नसे, कारण घाई केली की माझे आकडे डोलायला लागत.

तिथे माझी देखभाल करायला दशरथमामा होते. ते प्रयोगशाळेतले परिचर, राहणारे लोणी काळभोरचे. सडपातळ बांधा, कपाळावर बुक्का, आणि ओठांत सतत काहीतरी गुणगुणणं. गावात कीर्तन असलं की ते टाळकऱ्यांत पहिल्या ओळीत. दुसऱ्या दिवशी काचेच्या नळ्या धुता धुता ते अख्खं कीर्तन पुन्हा माझ्यापुढे करत. बुवांनी कुठे आवाज चढवला, कुठे थांबले, कुठल्या दृष्टांताला बायाबापड्यांनी डोळ्यांना पदर लावला, सगळं. देवळात पाऊल न टाकताही माझ्या कानावर इतकं नाम पडलं की मी स्वतःला भाग्यवान समजत असे.

माझं लांबलचक नाव मामांना कधी जमलं नाही. मी शंभरातले किती ते सांगतो म्हणून त्यांनी मला 'मास्तर' करून टाकलं. "मास्तर गुण देत्यात, पण पोराच्या बापाकडं बघून न्हाई," असं ते नव्या मुलांना बजावत. खंडेनवमीला माझ्या माथ्यावर झेंडूचं फूल ठेवत. एकदा त्यांनी घरून एक खोळ आणली. जुन्या हिरव्या लुगड्याची, कडेला काठ लावून शिवलेली. सोजरबाईंनी शिवली होती, म्हणजे मामांच्या मालकिणीने. त्या मला कधी पाहायला आल्या नव्हत्या. मामांनी वितीने माझं माप नेलं होतं, आणि खोळ अशी अंगासरशी बसली की जणू समोर उभं करून बेतली असावी.

माझे कौतुकाचे दिवस पुष्कळ गेले. औषधाच्या कारखान्यांतून नमुने येत, मुलं रांग लावत. त्या रांगेत एके वर्षी अक्षता आली.

अक्षता पीएच.डी. करायला आली होती. हुशार, चटपटीत, मनाने मऊ. तिचा विषय होता धायटी. कात्रजच्या डोंगरावर लाल फुलांची झुडपं असतात ना, ती. तिच्या पाल्याचा अर्क काढायचा आणि त्याच्यात काय शक्ती आहे ते तपासायचं. आता ही शक्ती म्हणजे काय, ते सोप्या शब्दांत सांगतो. सफरचंद कापून ठेवलं की तांबूस पडतं. लोखंडाला गंज चढतो. आपल्या शरीरातही असे काही उनाड कण हिंडत असतात, ते धडधाकट पेशींची मोडतोड करतात. काही झाडांच्या रसात या उनाडांना धरून शांत बसवणारी द्रव्यं असतात. ती आहेत का आणि किती, हे पाहायला एक जांभळी पूड वापरतात. तिचं पाणी गर्द जांभळं असतं. त्यात पाल्याचा अर्क घालायचा, थोडा वेळ अंधारात ठेवायचं. अर्कात दम असेल तर जांभळा रंग उतरतो आणि पाणी पिवळट होतं. तो रंग किती उतरला, ते मी सांगायचं.

अक्षता आणखी एक गंमत करत असे. चांदीचा क्षार पाण्यात विरघळवून त्यात पाल्याचा अर्क घालायची. पाणी हळूहळू चहासारखं तपकिरी होई. त्यात चांदीचे कण तयार होत, डोळ्यांना दिसणारही नाहीत इतके सूक्ष्म. कारखान्याची भट्टी नाही की जळजळीत रसायन नाही, नुसत्या झाडाच्या पाल्याने चांदीचे कण घडत. मग तेही पाणी जांभळ्या रंगावर घालून बघायचं.

तिचे मार्गदर्शक डॉक्टर दिग्विजय सर. माणूस सरळ, पण जीभ अस्सल पुणेरी. पहिल्यांदा रंग उतरलेला पाहून अक्षता टाळ्या पिटायला लागली, तेव्हा सर चष्म्यावरून बघत म्हणाले, "रंग बघून नाचू नका. आकडे आणा. नाचायला गणपतीत दहा दिवस मिळतात."

मग तिने आकडे आणले. पुन्हा पुन्हा आणले. एका दुपारी मी दिलेला आकडा तिने मांडला आणि उत्तर आलं, शंभरातले नव्वद. चांदीच्या पाण्याचं त्याहूनही वर. अक्षताने तिथूनच सरांना फोन लावला आणि आनंदाने सांगितलं, "सर, पानांना गुण आला!"

मित्रांनो, इथे थांबा. बुवा एखाद्या चरणावर थांबतात आणि टाळकऱ्यांना खूण करतात, तशी ही जागा आहे. हा 'गुण' शब्द बघा. परीक्षेत मिळतात ते गुण. चांगला स्वभाव तोही गुण. आणि औषध लागू पडून आजारी माणूस उठून बसला की आपण काय म्हणतो? गुण आला.

दशरथमामा तेव्हा पलीकडे नळ्या धूत उभे होते. त्यांच्या हातातली नळी तशीच राहिली. नळाचं पाणी वाहत राहिलं.

अक्षताला ठाऊक नव्हतं, पण मला होतं. त्या आठवड्यात मामा गुणगुणत नव्हते. सोजरबाईंच्या छातीत गाठ निघाली होती. सरकारी दवाखान्यात दाखवलं, तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी सांगितलं होतं की गाठ वाईट आहे पण वेळेत सापडली आहे, काढून टाकू, बाई बऱ्या होतील. तारीखही दिली होती. सोजरबाईंना सुरीची धास्ती होती. त्याहून मोठी धास्ती लोकांना कळेल याची. असल्या जागेचं दुखणं चारचौघांत बोलायचं नाही, अशी त्यांनी मामांना शपथ घातली होती. म्हणून मामा कुणालाच काही सांगत नव्हते. प्रयोगशाळेत कोणी विचारलं तर म्हणत, घरात जरा बरं न्हाई. माझं फडकं फिरवताना मात्र एकदा ते सगळं पुटपुटले होते. यंत्रापुढे शपथ मोडत नाही, असं त्यांना वाटलं असावं.

अक्षताचा फोन झाल्यावर ते हात पुसत तिच्यापाशी आले.

"ताई, पाल्याला गुण आला म्हणता, ते खरं हाय ना?"

"हो मामा. हे बघा ना, नव्वदच्या वर. चांदी घातली की आणखी वाढतोय."

"म्हंजी आतलं जे वाईट असतंय, त्याला धरतंय?"

"बरोब्बर. पेशी खराब करणारं जे असतं ना, त्यालाच धरतंय," अक्षता कौतुकाने म्हणाली. मामांना आपल्या कामात गोडी वाटते आहे, याचा तिला आनंद झाला होता.

"मास्तरच सांगत्यात म्हणल्यावर खोटं नसंल."

"मास्तर कधीच खोटं बोलत नाहीत, मामा," ती हसून म्हणाली.

मित्रांनो, ती खरंच बोलली होती. मी खोटं बोललो नव्हतो. मी सांगितलं होतं की काचेच्या कुपीत जांभळा रंग इतका इतका उतरला. सोजरबाईंच्या गाठीबद्दल मला कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारलं असतं तरी मला काय ठाऊक? माझ्यात माणूस मावत नाही. माझ्यात चमचाभर पाणी मावतं.

त्या दिवसापासून उरलेलं तपकिरी पाणी मोरीत ओतायचं बंद झालं. मामा ते एका बाटलीत धरत आणि डब्याच्या पिशवीतून लोणीला नेत. सुट्टीच्या दिवशी ते स्वतः कात्रजच्या डोंगरावर जाऊन धायटीचा पाला आणू लागले. घरी त्याचा काढा होई. सकाळी काढा, संध्याकाळी चांदीचं पाणी. देवापुढे बाटली ठेवायची, हात जोडायचे आणि मग सोजरबाईंनी ते प्यायचं. शस्त्रक्रियेची तारीख आली तेव्हा मामा दवाखान्यात गेलेच नाहीत. आणि ते पुन्हा गुणगुणायला लागले.

मला रोज एक फूल मिळू लागलं. कधी तगर, कधी मोगऱ्याची कळी. "आज मालकिणीनं भाकरी खाल्ली अख्खी," असं मामा माझ्या कानाशी सांगत. "आज उठून अंगण झाडलं." "मास्तर, तुमचे लई उपकार." मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो. मला होती फक्त लाल आकड्यांची एक पाटी, आणि तिच्यावर तेच उमटे जे कुपीत असे.

असे महिने गेले. सोजरबाईंच्या हाताला सूज आली, तेव्हा मामांनी पाण्याचं माप वाढवलं.

मग लोणीत सप्ताह बसला. एका दिवशीचं कीर्तन रामदासबुवांचं होतं. मामांचा त्यांच्यावर फार जीव. बुवांचा आवाज असा की मागच्या भिंतीला टेकलेल्या म्हाताऱ्यालाही वाटावं, हे आपल्याशीच बोलताहेत. कीर्तन संपलं, मंडळी पाया पडायला लागली. मामाही पडले आणि चारचौघांना ऐकू जाईल असं बोलून गेले. देवानं आमच्या कॉलेजातल्या मशीनच्या रूपानं दर्शन दिलं, मालकिणीच्या गाठीवर औषध सापडलं, ऑपरेशन टळलं. आनंदाच्या भरात शपथेचंही भान राहिलं नाही.

मामांना वाटलं, बुवा डोक्यावर हात ठेवतील. बुवांनी त्यांना हाताला धरून मंडपाच्या बाहेर नेलं. ऑपरेशन टळलं म्हणजे डॉक्टरांनी नको म्हटलं का, असं विचारलं. मामा म्हणाले, डॉक्टरांकडे गेलोच नाही. मग औषध कुणी दिलं? मामांनी मशीनचं, पाल्याचं, शंभरात नव्वद गुणांचं सगळं सांगितलं. ते ऐकून बुवा जे बोलले, ते मामांनी दुसऱ्या दिवशी शब्द न् शब्द माझ्यापुढे म्हटलं, नेहमी कीर्तन म्हणत तसं. पण आवाजात चाल नव्हती.

"दशरथ, नामानं मन उभं राहतं, हे मी देवाची शपथ घेऊन सांगतो. पण नामानं गाठ विरघळत असती तर मी गावोगाव फिरलो नसतो, दवाखान्याच्या दारातच वीणा घेऊन उभा राहिलो असतो. उद्या त्या पोरीला एकच विचार. गुण कुणाला आला? पाल्याला का माणसाला?"

सकाळी अक्षता माझ्यापुढे बसून कुप्या पुसत होती. मामा येऊन तिच्यासमोर उभे राहिले. आज माझ्यासाठी फूल आणलं नव्हतं.

"ताई, एक विचारू? राग न्हाई ना यायचा?"

"विचारा की मामा."

"गुण कुणाला आला?"

"म्हणजे?"

"पाल्याला आला का माणसाला आला? आमच्या बुवांनी विचारायला सांगितलंय."

अक्षता हसली. "माणसाला कसा येईल, मामा? माणसाला दिलंय कुठे अजून? अहो, उंदरालासुद्धा दिलेलं नाही. हे सगळं नळीतलं. नळीतून माणसापर्यंत जायला वर्षं लागतात, आणि पुष्कळदा तिथवर पोचतच नाही."

मग तिने मामांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिच्या हातातलं फडकं खाली पडलं.

"मामा, कुणाला दिलंत?"

मामा तिच्या समोरच्या स्टुलावर बसले. प्रयोगशाळेतल्या स्टुलावर मी त्यांना कधी बसलेलं पाहिलं नव्हतं.

"मालकिणीला," ते म्हणाले. "तुम्ही म्हणला, गुण आला."

अक्षताने एकच प्रश्न विचारला, बाईंना काय झालंय? मामांनी मान खाली घालून सांगितलं. तिने पांढरा कोट काढून खुंटीला नव्हे, तिथेच टेबलावर टाकला, आणि दोघं रिक्षा करून लोणीला निघाले. माझा दिवा तसाच जळत राहिला. तो संध्याकाळी दुसऱ्याच कुणीतरी बंद केला.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी कळलं. सोजरबाईंना घेऊन ते दवाखान्यात गेले, तिथे तेच डॉक्टर होते. त्यांनी तपासलं आणि इतके महिने कुठे होतात, असं विचारलं. अक्षताने सांगितलं. डॉक्टरांनी बाटली पाहायला मागितली, वास घेतला, खाली ठेवली. ते म्हणाले, हे प्यायल्याने काय बिघडलं ते मी सांगू शकत नाही, पण जे गेलं ते वेळ गेल्याने गेलं. गाठ आता एका जागी नव्हती. काखेत होती, यकृतात होती. सुरीने काढण्यासारखं काही उरलं नव्हतं.

अक्षता रोज दवाखान्यात जाऊ लागली. डबा नेई, केस विंचरून देई. दिग्विजय सरांनी एकदा तिला माझ्यासमोरच समजावलं. त्यांच्या बोलण्यात त्या दिवशी टोमणा नव्हता. ते म्हणाले, "अक्षता, तुमची यात चूक नाही. तुमचं काम बिनचूक आहे."

"काम बिनचूक आहे, सर," ती म्हणाली. "शब्द माझा होता."

सोजरबाई पौषात गेल्या. मामांच्या मांडीवर डोकं होतं, आणि रामदासबुवा स्वतः उशाशी बसून नाम घेत होते, एवढं एक बरं झालं.

दिवस घालून मामा कामावर आले. त्यांनी माझी खोळ काढली, घडी घातली, ती हातात घेऊन जरा वेळ उभे राहिले. मग फडकं घेऊन मला पुसायला लागले. पूर्वीसारखंच, कोपऱ्याकोपऱ्यांतून. पण 'मास्तर' म्हणाले नाहीत. पुसून झाल्यावर एवढंच बोलले, "तुमचं काय चुकलं न्हाई. पर ठाऊक नव्हतं, तर तसं तरी सांगायचं."

माझ्या पाटीवर शून्य होतं. कुपी रिकामी असली की शून्यच येतं. मला जे ठाऊक नाही ते सांगायला माझ्यापाशी आकडा नाही, मित्रांनो. तो कुठल्याच यंत्रापाशी नसतो.

त्यानंतर मामा कीर्तनाला जात राहिले, पण माझ्यापुढे कीर्तन करणं सुटलं. अक्षताने आपला प्रबंध पुरा केला. त्यात तिने शेवटी एक वाक्य घातलं. हे सारे प्रयोग काचेच्या नळीतले आहेत, यावरून कुणीही कुठल्याही रुग्णाला काहीही देऊ नये. सर म्हणाले, हे वाचणाऱ्या सगळ्यांना ठाऊकच असतं, लिहायची काय गरज?

"सगळ्यांना ठाऊक नसतं, सर," ती म्हणाली, आणि वाक्य तसंच ठेवलं.

ती शिकवायला लागली तेव्हा नवी मुलं माझ्याभोवती जमत आणि रंग उतरला की त्यांच्या तोंडून हमखास तो शब्द निघे. गुण आला, मॅडम. ती तिथल्या तिथे थांबवत असे. "रंग उतरला म्हणा. किती उतरला ते सांगा. त्याच्या पुढचं एक अक्षर नको." मुलांना वाटे, मॅडम फार कडक आहेत.

मामा निवृत्त झाले. मग नवं यंत्र आलं, संगणक जोडलेलं, स्वतःच आलेख काढून देणारं. मला जिन्याखाली ठेवलं. खोळ कुणीतरी फरशी पुसायला घेतली. पाली माझ्यात अंडी घालू लागल्या. भंगारवाला दोनदा उचलून पाहून गेला. शेवटी अक्षतामॅडमनीच खटपट करून मला तुमच्या शाळेत पाठवलं, मुलांना निदान आतली रेघांची काच तरी बघायला मिळेल म्हणून. त्या दिवशी त्या जिन्याखाली आल्या आणि माझ्याजवळ जमिनीवरच बसल्या. त्या माझ्याशी बोलत होत्या की स्वतःशी, मला सांगता येणार नाही. पण जे बोलल्या, त्यासाठीच मी तुम्हाला इतका वेळ बसवून ठेवलं आहे.

दवाखान्यातल्या शेवटच्या दिवसांत एकदा मामा चहा आणायला खाली गेले होते. अक्षता सोजरबाईंचे पाय धरून रडू लागली. बाईंनी तिचे हात सोडवले.

"रडू नगंस, बाय. मला पहिल्या आठवड्यातच कळलं हुतं, ह्या पाण्यानं काय व्हायचं न्हाई म्हणून. माझी गाठ माझ्या हाताला लागत हुती की रोज. वाढतच हुती."

"मग का प्यायलात, काकू? का नाही सांगितलंत?"

"ते पुन्यांदा गुणगुणाया लागले हुते गं. बाटली घिऊन आले की त्यांचं तोंड बघायचं. तेवढ्यासाठी पीत गेले."

आणि मग त्या म्हणाल्या, हे त्यांना सांगू नकोस.

अक्षतामॅडमनी सांगितलं नाही. जिन्याखाली मात्र त्या कितीतरी वेळ स्वतःलाच विचारत होत्या, सांगावं का. मग उठून गेल्या.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल. तुमच्यासमोर माझ्याहून लखलखीत यंत्रं येतील, ती झरझर उत्तरं देतील. त्यांची निगा राखा, धूळ बसू देऊ नका. पण त्यांना जेवढं ठाऊक आहे तेवढंच विचारा. त्यांचं उत्तर दुसऱ्याला सांगताना ऐकणाऱ्याच्या घरात काय चाललंय, ते आधी विचारा. आणि घरात कुणाला काही दुखलं-खुपलं, कुठल्याही जागेचं असो, ते झाकून ठेवू नका. आईला सांगा, डॉक्टरांना दाखवा. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

दशरथमामा अजून लोणीत आहेत. थकले आहेत, पण कीर्तन असलं की मंडपात येतात, आता मागे बसतात. तुमच्यापैकी कुणी कधी तिकडे गेलात, तर त्यांच्या शेजारी बसा, त्यांना पाणी आणून द्या. मी आता जे सांगितलं ते त्यांच्यापाशी बोलू नका. बाईंचा शब्द आहे. पण बुवा नामाला सुरुवात करतील आणि सगळे हात जोडतील, तेव्हा मनातल्या मनात एकदा सोजरबाईंना आठवा.